धक्के मोजून भ्रंश कळत नाही

पुसेगाव म्हटलं की उभ्या महाराष्ट्राला सातारा जिल्ह्यातलं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. यात्रेचा नारळ चुकून इकडे आला तर बिघडत नाही. भूकंपाचं उत्तर मात्र एका गावाचं दुसऱ्या गावाला लावलं की बिघडतं, आणि आमच्या जिल्ह्यात गेली काही वर्षं नेमकं तेच चाललं आहे. जमीन हलली की कोणी कोयनेचं, म्हणजे धरणाचं, उत्तर आणून चिकटवतं, कोणी किल्लारीचं, म्हणजे मोठ्या विनाशाचं. ज्यांना दोन्ही नको असतं, ते कुकरची शिट्टी सांगतात.

हा शिट्टीवाला युक्तिवाद सगळ्यांत लोकप्रिय आहे आणि माझं मुख्य भांडण त्याच्याशी आहे. तो असा: छोटे छोटे धक्के बसताहेत हे चांगलंच; शिट्टी होते, वाफ निघते, म्हणून कुकर फुटत नाही; तसा जमिनीतला ताण थोडाथोडा निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो. शिकलेली माणसंही हे ठामपणे सांगतात आणि ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. हायसं वाटण्याला माझी हरकत नाही. हिशेब चुकला आहे, त्याला आहे.

आधी नुसता हिशेब पाहू. भूकंपाची तीव्रता मोजपट्टीवर एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा आला. नांदेड, परभणीपर्यंत लोक घराबाहेर धावले. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. या दोन आकड्यांत १.७ चा फरक दिसतो, पण ऊर्जेत तो साडेतीनशे पटींच्या घरात जातो. म्हणजे किल्लारीएवढा ताण ‘शिट्ट्यांनी’ मोकळा करायचा तर ४.५ चे सुमारे साडेतीनशे धक्के लागतील. २०२४ या गाजलेल्या वर्षात असे दोन झाले. त्याहून बारीक धक्के कितीही असोत, बेरीज जमत नाही. निसर्गात तीव्रता एका अंकाने उतरली की धक्क्यांची संख्या दहापट होते, पण प्रत्येकाची ऊर्जा बत्तीस पटींनी घटते. लहानांची गर्दी मोठ्याला कधीच पुरी पडत नाही.

शिट्टीच्या युक्तिवादाचा खरा दोष मात्र याच्याही खाली आहे. कुकर हे एकच भांडं असतं. वाफ कुठूनही निघाली तरी दाब सगळीकडे उतरतो. जमिनीखाली एक भांडं नाही. तिथे भेगा आहेत. ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात, तिला भूशास्त्रात भ्रंश म्हणतात. भ्रंशाचा एक तुकडा सरकला की त्या तुकड्यावरचा ताण उतरतो आणि त्याच्या टोकांपाशी, शेजारच्या तुकड्यांवर, तो चढतो. तेव्हा आजच्या धक्क्याने ताण कमी झाला की वाढला, याचं उत्तर धक्क्यात नसतं. शेजारी काय आहे, किती अंतरावर, कोणत्या कलाने, यात असतं. भ्रंशाचा आकार ठाऊक नसताना ‘ताण निघून गेला’ म्हणणं हे खातं न उघडताच शिल्लक सांगण्यासारखं झालं.

हे बोलणं एका देशाला फार महागात पडलं आहे. इटलीतल्या लाक्विला शहराला २००९ च्या सुरुवातीला महिनोन् महिने बारीक धक्के बसत होते. मार्चअखेर तज्ज्ञांची बैठक झाली. त्या सुमारास नागरी संरक्षण खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर लोकांना धीर दिला, की ऊर्जा सतत बाहेर पडते आहे, ही अनुकूल गोष्ट आहे. शब्द इटालियन, शिट्टी तीच. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. धक्का बसला की रात्री घराबाहेर झोपायची त्या भागातली जुनी सवय होती. धीर मिळाल्यामुळे आम्ही घरातच थांबलो, असं मागे राहिलेल्या नातेवाइकांनी न्यायालयात सांगितलं. खटल्यात आधी त्या अधिकाऱ्यासह बैठकीतल्या सात जणांना शिक्षा झाली, पुढे अपिलात शास्त्रज्ञ सुटले आणि त्या अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन कायम राहिली. भूकंपाचं भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकलं, अशी ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. ती अर्धवट आहे. वाद होता तो न केलेल्या भाकितापेक्षा दिलेल्या धीराचा.

इतक्या लांब जायची गरजही नाही. किल्लारीत १९९२ मध्ये धक्क्यांची मालिका झाली होती. लोक भेदरले होते. मग जमीन शांत झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, ती हलली. शिट्ट्या वाजून गेल्या होत्या, कुकर तरीही फुटला. तेव्हाच्या नकाशात हा भाग देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हेही विसरू नये. ‘आपला जिल्हा कमी धोक्याच्या पट्ट्यात येतो’ हे वाक्य ऐकलं की मला तो नकाशा आठवतो.

इथे दुसरा गट पुढे येईल आणि म्हणेल, बघा, आम्ही सांगत होतो, हिंगोलीचं किल्लारी होणार. त्यांनाही थांबवायला हवं. नांदेड शहराला २००६ च्या अखेरीपासून असेच आवाज आणि कंप येऊ लागले. मोठा भूकंप झाला नाही. ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाच्या परिसरात १९८३ मध्ये मालिका झाली. पाचच्या आत राहून ती विरली. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्के नोंदले गेले, मोठ्यात मोठे चारच्या आसपास. कॅलिफोर्नियातला जुना अनुभव असा, की एखाद्या धक्क्यामागोमाग आठवडाभरात त्याहून मोठा येण्याची शक्यता शंभरात पाच-सहाच असते. किल्लारीची मालिका आणि नांदेडची मालिका धक्के मोजणाऱ्याला सारख्याच दिसल्या असत्या. धीर देणारे आणि भीती घालणारे, दोघेही मोजणीवरच विसंबतात. म्हणून दोघांचाही निकाल नाणं उडवून लागतो.

मग फरक कशात असतो? बऱ्याच अंशी खालच्या आकारात. जपानमध्ये ओमोरी यांनी १८९४ मध्येच दाखवलं होतं, की मोठ्या भूकंपानंतरचे पश्चात धक्के दिवसागणिक एका ठरावीक रीतीने कमी होत जातात. पण काही मालिका ही रीत पाळत नाहीत. त्यांत मुख्य धक्का नसतोच. सगळे साधारण एकाच वकुबाचे, महिनोन् महिने चालणारे. १९६० च्या दशकात मोगी यांनी खडकांचे नमुने दाबून, तोडून पाहिलं आणि एक साधी गोष्ट पुढे मांडली. खडक एकसंध असेल तर तो ताण साठवत जातो आणि एकदम तुटतो. आधीच बारीक भेगांनी पिंजलेला असेल तर जागोजाग थोडाथोडा तुटत राहतो. म्हणजे मालिका हे खालच्या मोडतोडीचं चित्र असतं. चित्र कशाचं, ते मात्र रेखाटून पाहावं लागतं.

ते रेखाटता येतं, हे २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी दाखवलं. तिथल्या काहुइया या वस्तीजवळ २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं मालिका चालली. संगणकाला शिकवून त्यांनी नोंदींतून बावीस हजारांहून जास्त धक्के वेचून काढले, बहुतेक माणसाला न जाणवणारे, आणि प्रत्येकाची जागा बारकाईने ठरवली. हजारो ठिपके मांडल्यावर भ्रंश आपोआप उमटला. सरळ उभ्या भिंतीसारखा नव्हे, तर खोलीबरोबर वळत गेलेला, पट्टा पन्नास मीटरहूनही अरुंद. खालून बहुधा दाबाखालचं पाणी या पट्ट्यात एका जागी शिरलं आणि त्यातल्या वाटांनी वर्षानुवर्षं हळूहळू पसरलं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जिथे वाट बंद होती तिथे धक्के अडले. अडथळा ओलांडला गेला तेव्हा पुन्हा वाढले. मोठ्यात मोठा ४.४ चा. मालिका इतकी लांबली का, एवढ्यावरच का थांबली, याचं उत्तर भ्रंशाच्या वळणांत आणि त्यातल्या मोकळ्या-बंद वाटांत होतं. आमच्या ४.५ शी या आकड्याचं साम्य आहे म्हणून मी आशा लावत नाही. पुन्हा नारळ चुकीच्या पुसेगावाला जायचा.

आकार दुसऱ्याही बाजूने बोलतो. ४.५ च्या धक्क्यात साधारण एखाद-दोन किलोमीटरचा तुकडा सरकतो. सहाच्या पुढचा भूकंप व्हायला दहा किंवा त्याहून जास्त किलोमीटर भेग एकाच वेळी सरकावी लागते. तेव्हा कळमनुरी-वसमतच्या जमिनीखाली सुटे, एकमेकांपासून बाजूला सरकलेले तुकडे आहेत की एकच लांब भेग थोडीथोडी जागी होते आहे, हा प्रश्न नुसता पंडितांचा उरत नाही. जगभरच्या आडव्या सरकणाऱ्या भ्रंशांचा अनुभव असा, की फुटत गेलेली भेग चार-पाच किलोमीटरपेक्षा रुंद तुटकपणा सहसा ओलांडत नाही. ‘सहसा’ हा शब्द मी मुद्दाम घालतो, कारण १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लँडर्सला अनेक भ्रंश एकामागोमाग जोडले जाऊन ७.३ झाला आणि २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या कैकोराला डझनाहून अधिक भ्रंश एकाच भूकंपात हलले. या अपवादांनी नियम ढिला झाला, पण प्रश्न अधिकच नेमका झाला: तुकडे किती, अंतर किती, जोड कुठे?

धरणाचं उत्तर इथेच तपासून घेऊ. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही नावं घेऊन ‘पाण्याच्या वजनाने होतंय’ असं सांगणारे पुष्कळ आहेत. कोयनेत ते सिद्ध झालं आहे, हे खरं. तिथला शिवसागर जलाशय १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला आणि धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ झाला. वारणेचा जलाशय १९८५ पासून भरू लागल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे सरकला. पावसाळ्यात तलाव भरल्यावर आणि पुढे पाणी उतरताना धक्के वाढतात, हे दशकांच्या नोंदींत दिसतं. पण कोयनेचा निकाल ‘जवळ धरण आहे’ एवढ्यावर लागलेला नाही. साठ वर्षांत तिथले धक्के साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या चौकटीतच राहिले, बहुतेक दहा किलोमीटरच्या आत. त्यांच्या जागा यंत्रांच्या दाट जाळ्याने ठरवल्या. भ्रंशाचा कल काढला. आणि शेवटी गोठण्याला सुमारे तीन किलोमीटर खोल विवर पाडून, जवळजवळ सव्वा किलोमीटर बेसॉल्टखाली ग्रॅनाइटी खडक गाठला. एवढं केल्यावर धरण हे उत्तर झालं. आपल्याकडे येलदरीची भिंत कोयनेच्या १०३ मीटरच्या निम्म्याच्या आसपास, आणि धरण अर्ध्या शतकापूर्वीचं. पाण्याचा संबंध नाहीच, असं मी म्हणत नाही. पातळीची नोंद आणि धक्क्यांची खोली शेजारी मांडा, मग बोला. ‘बोअरवेलमुळे होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी तर एकच ओळ पुरे: आपली बोअर शंभर-दोनशे मीटर जाते, चर्चा किलोमीटरांची आहे.

आता आवाजाकडे. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे, वापटी, कुपटी, औंढ्याकडचं पिंपळदरी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं जमिनीतून गडगडाट ऐकला आहे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘गूढ आवाज’ म्हणून टाकलं आणि गूढ म्हटल्यावर ज्वालामुखीपासून गुप्तधनापर्यंत सगळ्यांना वाव मिळाला. यात गूढ काही नाही. धक्का उथळ असेल आणि वरचा पाषाण कठीण असेल, तर कंपातला ऐकू येण्याजोगा भाग वाटेत विरत नाही. तो जमिनीतून हवेत उतरतो आणि कानाला गडगडाट लागतो. हादरा जाणवलाच नाही आणि आवाज मात्र आला, असंही त्यामुळेच होतं. उलट हा आवाज उपयोगाचा आहे. आवाज येतो तो आधी पोचणाऱ्या लहरीबरोबर, मोठा हादरा मागून येणाऱ्या जोराच्या लहरीबरोबर; या दोन लहरींत एका सेकंदाचं अंतर म्हणजे कठीण खडकात साधारण आठ किलोमीटरचा पल्ला. ज्या गावात आवाज आणि हादरा एकत्रच येतात, तिथे धक्क्याचा उगम फार दूर नाही. हे पांगरा शिंद्यातल्या आजीबाईला अनुभवाने कळतं. तिला ‘अफवा पसरवू नका’ म्हणणाऱ्याला कळत नसावं.

पण कानाने आकार निघत नाही, आणि सरकारी नोंदीतूनही तो निघेल याची मला खात्री वाटत नाही. मार्च आणि जुलै २०२४ च्या ४.५ च्या दोन्ही धक्क्यांपुढे खोली छापून आली ती १० किलोमीटर. हा आकडा वाचताना सावध असावं. सर्वांत जवळचं यंत्र लांब असलं की भूकंपाची जागा बरी निघते, खोली मात्र निसटते; मग गणित सुटावं म्हणून एक ठरावीक खोली गृहीत धरतात, आणि जगभरच्या तक्त्यांत ही गृहीत खोली बहुधा १० असते. आमचे १० मोजलेले की धरलेले, एवढं तरी तक्त्याखाली छापावं. सगळे धक्के दहा किलोमीटरवर मांडले, तर कागदावर एक सपाट थर दिसेल आणि भ्रंशाचा कल, वळण, तुकडे यांतलं काहीच दिसणार नाही. आमच्याकडे तर जमिनीवरूनही तो दिसत नाही. बेसॉल्टच्या थरांनी आणि त्यावरच्या काळ्या मातीने सगळं झाकलेलं आहे. किल्लारीला विवर पाडलं तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्टखाली जुना खडक लागला. तिथला भ्रंश आधी कोणी नकाशावर काढलेला नव्हता. आमच्या आग्नेयेला देगलूर-बिलोलीकडे तसा जुना ग्रॅनाइटी खडक उघडा पडतो. हिंगोलीत तो झाकलेला आहे.

यावर एक शेवटचा आक्षेप ठरलेला आहे: आकार कळला तरी तारीख कळणार आहे का? नाही. तारीख कोणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याला गावाबाहेर पोचवावं. पण तारखेशिवायही विचारण्यासारखं खूप आहे. भेग जास्तीत जास्त किती लांब आहे, म्हणजे सर्वांत वाईट काय होऊ शकतं. ती कोणत्या गावांखालून जाते. कोणत्या बाजूची जमीन जास्त हलेल. मार्चच्या धक्क्यांनंतर प्रशासनाने पत्र्यावर ठेवलेले दगड काढून टाकायला सांगितलं. सूचना अगदी योग्य होती; वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेला दगड हादऱ्यात डोक्यात पडतो. पण किल्लारीत माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याने. तशी घरं आमच्या गावांत अजून आहेत. साऱ्या जिल्ह्याच्या भिंती एका वर्षात बांधून होणार नाहीत. मग आधी कोणत्या गावाच्या, हे ठरवायचं कशावरून? गेल्या वेळी कोण जास्त घाबरलं त्यावरून?

पुसेगावचा संबंध इथे येतो. आमच्याकडे धक्के कमी जाणवतात, म्हणून गावात या विषयाला ‘ते तिकडं वसमतकडं’ असं म्हणायची रीत आहे. भूकंपाची जागा ठरवताना मात्र यंत्रं चहूबाजूंनी लागतात. सगळी दक्षिणेला किंवा पूर्वेला असली, तर उघड्या राहिलेल्या बाजूला जागा घसरते आणि खोली आणखीच बिघडते. हलणारी गावं वसमत, औंढा, कळमनुरीत; सेनगाव तालुका त्यांच्या उत्तर-वायव्येला. तेव्हा यंत्र हादऱ्याच्या गावाजवळ हवं, तसंच ते न हादरणाऱ्या पुसेगावच्या बाजूलाही हवं. ते काळ्या मातीत बसवून चालत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि यंत्र तेच नोंदत बसतं. खाली पाषाण लागेपर्यंत खणावं लागतं. मोटारपंप, गिरणी आणि रस्ता यांपासून दूर, विजेचा भरवसा नसल्याने सौरपट्टीवर. गावाच्या माळरानावर अशी जागा आहे का, हे पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यायला हवं, आणि जिल्ह्यात आज यंत्रं किती, कुठे, त्यांनी काढलेल्या खोल्या किती, याची लेखी मागणीही त्याच ठरावात.